मागच्या खोलीतला मॅनेजर

चिठ्ठीवर लिहिलंय अठराशे नव्वद, सहा खुर्च्यांसकट.
ती चिठ्ठी वाचत नाही, टेबल वाचते.
चष्मा कपाळावर ढकलून, गुडघे टेकून
सरळ खाली शिरते,
सत्तरीची बाई, अंगात चर्चला जायचा निळा कोट,
आणि खालून आवाज येतो:
"पाय नुसते स्क्रूवर उभे आहेत रे.
डिंक लावलाय तोही चिकटपणे, म्हणजे कंजूषपणे."

मी म्हणतो, मॅडम, ओक आहे.
"ओकचा कागद आहे," ती म्हणते,
आणि हात झटकते.

हिकरी गावात हे असंच.
इथल्या म्हाताऱ्यांना लाकूड विकणं म्हणजे
कोळणीच्या दारात सुकट घेऊन बसणं.
निम्म्यांनी जन्म घालवलाय पॉलिशपेपर घासण्यात
रुळांपलीकडच्या कारखान्यांत,
जिथे आता गोदामं आहेत
आणि एका ठिकाणी नुसतंच गवत.

"रोख दिले तर?"
हे ती इतक्या हळू विचारते
की शेजारच्या सोफ्यानेही ऐकू नये.
पर्समधून पाकिटं निघतात,
दानाची, चर्चमध्ये वाटतात ती,
प्रत्येकावर एकेका रविवारची तारीख छापलेली.
"देवाला मी चेक देते, त्याचा हिशोब राहतो.
हे त्याच्या पाकिटात माझे."

मी म्हणतो, कार्डवाले शेकडा तीन कापतात,
ते तीन तुम्हाला सोडतो.
"तीन तर न मागता सुटायला हवेत.
चौदाशे. आणि खुर्च्या चारच.
जेवायला आम्ही तिघं,
चौथी वर्तमानपत्राला."

मग मी नेहमीचं वाक्य म्हणतो:
मॅनेजरना विचारून येतो.

मागे मॅनेजर नाही.
होता, वेन सेटझर. गेल्या मार्चमध्ये त्याची जागाच काढून टाकली.
त्याचा मग राहिलाय, त्यात न उठणारी पेनं.
मी पाण्याच्या बाटलीशेजारी उभा राहतो
आणि नव्वदपर्यंत आकडे मोजतो.
तीसला परतलो तर गिऱ्हाईकाला वाटतं, अजून ताणता आलं असतं.
दोनशेला परतलो तर गिऱ्हाईकच नसतं.
नव्वद हा वेनचाच आकडा.
आज मोजता मोजता माझंही गणित मांडतो:
सोळाशेला विकलं तर माझ्या हातात अठ्ठेचाळीस,
चौदाशेला बेचाळीस.
सहा डॉलर.
सहा डॉलरसाठी मी एका भिंतीचा सल्ला घेतोय.

बाहेर येतो. चेहऱ्यावर थोडी हार ठेवतो,
लागते तेवढीच.
"ते म्हणाले, पंधराशे पन्नास.
याच्या खाली गेलो तर त्यांची नोकरी जाईल."

ती माझ्याकडे बघत राहते,
फळीतली गाठ बघावी तशी,
आरपार आहे की वरवरची.
"बाळा, एकतीस वर्षं मी दुसऱ्या पाळीला माल तपासायचे.
एखादं कपाट परत पाठवलं की
बनवणारा माझ्या अंगावर यायचा.
मी म्हणायचे, माझ्या हातात नाही, वरून हुकूम आहे."
थांबते.
"वर पंखा होता."

यानंतर भाव करायला फारसं काही उरलं नाही.
चौदाशे साठ.
घरपोच नको, नातू पिकअप घेऊन येतोय.
अंगठा ओला करून ती विसाच्या नोटा मोजते,
माझ्याकडून परत मोजून घेते,
एक नोट चिकटलेली निघते, ती परत घेते.
पावतीवर नाव लिहितो, व्हर्नेल अबरनेथी;
स्पेलिंग ती दोनदा सांगते.
एक पाकीट उरतं. ते उघडत नाही.
त्याची तारीख अजून यायची आहे.

दारातून वळून म्हणते,
"तुझ्या मॅनेजरना सांग, नातू यायच्या आत
पायांचे स्क्रू आवळून ठेवा."
सांगतो, म्हणालो.
आणि मागे गेलो.
स्क्रूड्रायव्हर तिथेच असतो,
वेनच्या मगात.